आडवं जायचंय

मुंबईत उभं जायला कुणाची आडकाठी नाही. विरारहून चर्चगेटला जा, कर्जतहून सीएसएमटीला जा. चेंगराल, घामाने निथळाल, छत्रीची एखादी काडी कुणाच्या तरी पदरात सोडून याल, पण पोचाल. शिवाय किती वाजता पोचाल ते घरून निघतानाच सांगाल. ठरलेली फास्ट मिळाली तर वेळेवर हजेरी, चुकली तर साहेबाचं तोंड, सगळं कसं जिथल्या तिथे. फजिती होते ती आडवं जाताना.

बोरिवली आणि मुलुंड घ्या. कावळ्याला विचाराल तर अंतर १२-१३ किलोमीटर. माणसाने रेल्वेने जायचं ठरवलं तर आधी बोरिवलीहून दक्षिणेला दादरपर्यंत यायचं, पूल चढून-उतरून गाडी बदलायची आणि पुन्हा उत्तरेला मुलुंडपर्यंत जायचं. हा मामला ४५ किलोमीटरच्या घरात जातो. द्राविडी प्राणायाम याहून सोपा असावा. त्यात निदान नाक आपल्या हातात असतं. मधे पसरलंय ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. तिथल्या बिबट्याला मुलुंडकडून बोरिवलीकडे यायचं असलं तर दादरला गाडी बदलावी लागत नाही. महानगरात आडवं जायची सोय असलेला बहुधा तो एकटाच रहिवासी.

पूर्वी माणसांनाही हे जमत असावं. याच डोंगरात कान्हेरीची लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणची माणसं आहेत आणि सोपाऱ्याचीही. म्हणजे आजची सेंट्रल आणि आजची वेस्टर्न तेव्हा त्या एका डोंगरात येऊन भेटत होती, आणि वाटेत फार वेळ मोडला अशी तक्रार काही कुणी दगडात कोरून ठेवलेली नाही.

या सगळ्याला इंग्रज जबाबदार आहेत असं म्हणायची सोय आहे आणि मी ती सोडणार नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघाली ती जीआयपी कंपनीची. तिला पुढे घाट चढून दख्खनचा आणि वऱ्हाडचा कापूस खाली आणायचा होता. दुसरी कंपनी बीबीसीआय. ती गुजरातकडून १८६४ मध्ये मुंबईत उतरली, तिलाही कापूसच आणायचा होता. दोघींची नजर बंदरावर. त्यामुळे दोघींचे रूळ उत्तरेकडून निघाले आणि नाकासमोर दक्षिणेला आले. यात त्यांचं तरी काय चुकलं म्हणा; कापसाच्या गाठीची आत्या काही मुलुंडला राहत नव्हती.

पुढे १९५१ मध्ये सरकारने या कंपन्यांच्या जागी मध्य आणि पश्चिम असे रेल्वेचे दोन विभाग केले. नावं बदलली, स्वभाव नाही. एकाच घरातल्या अबोला धरलेल्या दोन जावांसारख्या या दोघी अजून राहतात. दादरच्या ओट्याशी काय त्या शेजारी उभ्या राहतील तेवढंच, तिथेही पाठीला पाठ लावून.

म्हणून दादर हे सगळ्या मुंबईचं तडजोडीचं ठिकाण. मराठी लग्नांचे इतके हॉल दादरलाच का, याची सांस्कृतिक कारणं विद्वान लोक देतील. मला दिसतं ते असं, की मुलाकडचे वेस्टर्नचे आणि मुलीकडचे सेंट्रलचे असले तर दोघांनाही सारखंच गैरसोयीचं असं गाव दुसरं नाही. शालू दादरला, नाटक शिवाजी मंदिरला, मुलामुलीने एकमेकांना पहिल्यांदा भेटायचं तेही दादरला. त्यात पूर्वी तिथे दोन एक नंबर होते, एक पश्चिम रेल्वेचा आणि एक मध्यचा. 'एक नंबरवर भेटू' असं ठरवून दोन वेगवेगळ्या एक नंबरांवर तास तास उभी राहिलेली आणि समोरच्याला वेळेची किंमत नाही असा निष्कर्ष काढून घरी गेलेली स्थळं किती असतील, देव जाणे. मोबाईल येण्याआधी तर नक्कीच. डिसेंबर २०२३ मध्ये रेल्वेने फलाटांना सलग नंबर दिले, पश्चिमचे एक ते सात, मध्यचे आठ ते चौदा. आता घोळ मिटला म्हणावं, तर मध्यचा जुना एक झाला आठ आणि जुना आठ झाला चौदा. जुनी माणसं आठ नंबर म्हटलं की आधी विचारतात, "कुठला आठ? आताचा की खरा?"

लग्न जुळवताना नाडी बघतात, मंगळ बघतात. पत्रिकेत लाइनीचा रकाना मात्र अजून कुणी छापला नाही. आमच्या कांदिवलीच्या मावशीचा फोन आला होता, तिच्या मुलासाठी सांगून आलेल्या स्थळाबद्दल.

"मुलगी बँकेत आहे, दिसायला छान, बोलायला गोड. घरची माणसंही चांगली वाटली."

"मग अडलंय कुठे?"

"कल्याणची आहे गं." मावशीने सुस्कारा सोडला. "दर सणाला माहेरी जायचं म्हटलं तर अर्धा सण दादरच्या पुलावरच व्हायचा."

दोन्ही बाजूंच्या समजुतीही पक्क्या असतात. वेस्टर्नवाल्यांच्या हिशेबी ठाणं ओलांडलं की कसारा घाटच लागतो. सेंट्रलवाल्यांचं म्हणणं, वेस्टर्नवाल्यांनी गर्दी पाहिलीय कुठे, गाडी पाच मिनिटं उशिरा आली की पेपरात पत्र लिहायला घेतात. हार्बरवाले या वादात पडत नाहीत, त्यांची गाडी अजून यायची असते. दोन्ही लाइनींची माणसं एक होतात ती फक्त मुंबई सेंट्रल हे स्टेशन वेस्टर्नवर आहे हे बाहेरगावच्या पाहुण्याला पटवून देताना.

आडवी रेल्वे अगदीच नाही असं नाही. वसई रोडहून दिव्याला एक मार्ग जातो, कामण, खारबाव, भिवंडी करत. त्याच्यावरून मालगाड्या मनमुराद धावतात आणि माणसांच्या गाड्या दिवसाकाठी मोजक्या. कापसाच्या गाठीचं राज्य अजून पुरतं संपलेलं नाही हेच खरं. २००४ मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाली तेव्हा नवी मुंबईतली नोकरी करणाऱ्या ठाणेकरांचा कुर्ल्याचा वळसा वाचला. पण वेस्टर्नवाल्याला त्याचं काय? त्याला मिळाली ती ८ जून २०१४ ला सुरू झालेली मेट्रो, वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर, ११.४ किलोमीटर, १२ स्थानकं. त्याआधी अंधेरीहून घाटकोपरला ३४० नंबरची बेस्ट जायची. ३४० मध्ये खिडकी मिळाली की साकीनाक्याला डुलकी लागायची, आणि चांगली झोप काढून जाग यायची तीसुद्धा साकीनाक्यालाच. मेट्रो तेच अंतर २० मिनिटांच्या आसपास कापते.

संध्याकाळी घाटकोपरला मेट्रोसाठी जी रांग लागते ती बघावी. पुढे पिशव्या तपासायचं यंत्र. जेवणाचा डबा, छत्री, उद्याच्या भाजीची मेथीची जुडी, सगळं एकामागोमाग एक त्या पट्ट्यावरून आत जातं आणि पडद्यावर मेथीचा एक्सरे येतो. माझ्या पुढच्या बाईंनी जुडी पलीकडून उचलून घेताना पानं मोजल्यासारखी निरखून पाहिली होती. आत गेल्यावर सगळं गार, गुळगुळीत आणि मुकं. लोकलच्या लेडीज डब्यात शिरताक्षणी "कुठे?" म्हणून विचारायचं असतं. "ठाणा" असं उत्तर आलं की "तुमची सीट माझी", झालं काम. समोरचीने मान हलवली की तो करार पक्का. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, आणि मधेच दुसरीने बसायचा प्रयत्न केला तर अख्खा डबा साक्षीला उभा राहतो. मेट्रोत "कुठे?" विचारलं तर माणसं दचकतात. बरोबरच आहे, २० मिनिटांत ओळख व्हायची कधी, भांडण व्हायचं कधी आणि शेवटी चौथ्या सीटवर टेकायला जागा मिळायची कधी?

एवढा अनुभव गाठीशी असताना पुढे आडव्याच मेट्रो बांधतील असं कुणालाही वाटलं असतं. पण २०२२ मध्ये दहिसरहून दोन मेट्रो सुरू झाल्या, २अ आणि ७, त्या दोन्ही उभ्या. मग भुयारी मेट्रो ३ आली, आरे ते कफ परेड, ३३.५ किलोमीटर, ऑक्टोबर २०२५ मध्ये पुरी झाली. जमिनीखाली तरी कुणी अडवलं नव्हतं, पण खणताना सुद्धा उभंच खणलं. २००९ चा वांद्रे-वरळी सागरी सेतू उभा, त्याला जोडून आलेला कोस्टल रोड उभा. एक पूल मात्र घसघशीत आडवा बांधला, जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू. तो शिवडीहून निघतो आणि मुंबईच्या बाहेर जातो. आडवं जायचंय का, मग न्हावाशेवाला जा, असं शहराचं म्हणणं दिसतं.

राहता राहिली मोटार. मुंबईत मध्यमवर्गीय माणूस गाडी घेतो ती ऑफिसला जायला नव्हे; ऑफिस उभं असतं, तिथे लोकल आहे. गाडी घ्यायची ती आडव्या नातेवाइकांसाठी. एरवी ती कव्हर पांघरून सोसायटीत झोपलेली असते आणि बॅटरी उतरू नये म्हणून रविवारी तिला गेटपर्यंत फिरवून आणतात.

मुलुंडच्या आत्याच्या नातवाचं बारसं होतं तेव्हाची गोष्ट. ताईचे यजमान गाडी घेऊन आले. पुढे काका, मागे आई, ताई आणि मी, आणि आईच्या मांडीवर पेढ्यांचा खोका. काकूने गाडीत बसायला साफ नकार दिला. "मी आपली मेट्रोने येते," म्हणाली आणि पर्स काखेत मारून निघालीसुद्धा. आम्ही मात्र गेटपाशीच उभे, कारण रस्ता ठरायचा होता.

भाऊजींचा फोनमधल्या बाईवर विश्वास. तिने घोडबंदर सांगितलं होतं. ताईला घोडबंदर नको होतं, गायमुखच्या घाटात कंटेनर बंद पडला की दिवस तिथेच मावळतो असं तिचं म्हणणं. आणि काका मरोळला नोकरी करून निवृत्त झालेले, तेव्हा त्यांना आतला रस्ता ठाऊक होता. मुंबईतल्या प्रत्येक काकांना एक आतला रस्ता ठाऊक असतो.

"जावईबापू, ऐका माझं. आरेतून काढा. मधे दूध केंद्रावर चहा घेऊ."

"काका, तिकडे बरीच कामं चाललीत म्हणतात."

"कामं कुठे चालली नाहीत, ते सांगा."

यावर भाऊजींपाशी उत्तर नव्हतं, माझ्यापाशीही नाही. शेवटी कुणाचंच मन मोडू नये म्हणून कुणालाच नको असलेला रस्ता घेतला, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता. या रस्त्यावर मेट्रो ६ चं काम चालू आहे. ही मेट्रो आडवी आहे, खरोखरच आडवी, लोखंडवालाकडून विक्रोळीकडे. ती होईल तेव्हा होईल; तोवर तिचे खांब रस्त्याच्या मधोमध उभे आणि खांबांच्या दोन्ही अंगांना पत्र्याची बॅरिकेडं. त्यातून उरलेल्या जागेत सगळी आडवी मुंबई एका वेळी घुसलेली.

पवईला तलाव आहे आणि तो सुंदर आहे. आम्ही तो फार वेळ पाहिला. बाजूच्या टेम्पोचा ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरला, चाकांना लाथा मारून हवा बघून परत चढला, तरी आम्ही तलावापाशीच. गाड्यांच्या मधून एक मुलगा गजरे घेऊन आला, त्याच्या मागून एकजण मोबाईल उभा करायचे स्टँड घेऊन, त्याच्या मागून शेंगदाणे. आईने बाळंतिणीसाठी म्हणून गजरा घेतला आणि तो सुकायला लागला तसा स्वतःच माळला. आत्याचा फोन आला.

"कुठपर्यंत आलात?"

"पवईला."

बऱ्याच वेळाने परत आला.

"आता कुठे?"

"पवईला."

"अरे, मघाशीही पवईच सांगितलंत! घरून निघालात तरी का नक्की?"

काकांनी "आरेतून..." असं म्हणायला तोंड उघडलं आणि ताईकडे बघून मिटलं. बाळाचं नाव आम्हाला कांजूरमार्गला फोनवर कळलं. आईने तिथेच गाडीत खोका उघडून सगळ्यांना एकेक पेढा दिला.

आत्याच्या सोसायटीच्या गेटवर पाटी होती, पाहुण्यांच्या गाड्या बाहेर लावाव्यात. बाहेर म्हणजे कुठे हे रखवालदारालाही माहीत नव्हतं. त्याने हाताने मोघम ठाण्याची दिशा दाखवली. आम्हाला उतरवून भाऊजी जागा शोधायला गेले. पंगत उठली, त्यांचं पान झाकून ठेवलं, मग ते आले. काकू आमच्या आधीच पोचली होती आणि पाळणा म्हणायला वेळेवर होती. फक्त पाळणा तिने खुर्चीत बसून म्हटला. राष्ट्रीय उद्यान स्थानकावर मेट्रो ७, गुंदवलीला उतरून पूल ओलांडून मेट्रो १, घाटकोपरला लोकल, मुलुंडला रिक्षा, आणि या सगळ्याच्या मधून जिने. सरकते जिने होते, पण काकूच्या मते सरकता जिना नेहमी आपल्याला जायचं असतं त्याच्या उलट बाजूला सरकतो. "तुमची ती गाडीही नको आणि माझी मेट्रोही नको," ती गुडघे चोळत म्हणाली, "बाळाचंच नाव आपल्याकडे येऊन ठेवायला हवं होतं."

एवढं लांब कशाला जा, एकाच स्टेशनाच्या पूर्वेहून पश्चिमेला जाणं हाही अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम होऊ शकतो. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली आणि असं दिसलं, की शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची उंची जुळत नाही. शेवटी जॅक लावून जुना पूल उचलला, तेव्हा कुठे जुलैमध्ये दोघांची गाठ पडली. परळ-प्रभादेवीचा जुना पूल तर शिवडी-वरळी उन्नत मार्गासाठी पाडायला घेतला. म्हणजे पुढेमागे आडवं जाता यावं म्हणून सध्या जे थोडंफार आडवं जात होतं तेही थांबवलं. केईएमला आलेल्या पेशंटच्या नातेवाइकाला हे समजावून सांगायला जाऊ नये.

आता दोन बोगद्यांची कामं चालू आहेत. एक ठाणे-बोरिवली, दुसरा गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यातला, जोडरस्ता १२.२ किलोमीटरचा. दोन्ही राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून. आत्याने पेपरातली कात्रणं फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावून ठेवलीत. बारशाच्या दिवशी जाताना तिने दारातच आम्हाला ती दाखवली.

"होऊ दे एकदा हा बोगदा. मग बघते, दिवाळीला, संक्रांतीला, माझ्या पंचाहत्तरीला कोण कसं येत नाही ते."

सगळे चपला शोधायला लागले. इतकी वर्षं ट्रॅफिकच्या नावावर किती हळदीकुंकवं, किती सत्यनारायण आणि किती भाच्यांच्या मुंजी सुखरूप चुकवल्या होत्या, त्यांचा हिशेब जो तो मनात करत असावा.

"टोल असेल का हो त्याला?" भाऊजींनी आशेने विचारलं.

"तो मी देईन," आत्या म्हणाली.

काकांनी मात्र वेळ दवडली नाही. बंद जागेत आपल्याला लहानपणापासून गुदमरतं, हे त्यांनी जिना उतरता उतरता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं.